तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गाची वेबसाइट कशात बनवली?

शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी कुणीतरी हमखास गाठतंच. "मॅडम, ती तुमची पावसाची वेबसाइट, कशात बनवलीय हो?" म्हणजे पोरं रोजचा पाऊस मोजून टाकतात ती. मी म्हणते गूगल साइट्समध्ये, गूगलच्या फुकटच्या साइट बनवायच्या सोयीत, की लगेच समोरच्याचा चेहरा उतरतो. त्यांना वाटलेलं असतं काहीतरी भारी सॉफ्टवेअर असणार, निदान कोडिंग तरी. मग पुढचा प्रश्न, "पण इंटरॅक्टिव्ह कशी केलीत?" आणि तेवढ्यात साहेब आले म्हणून सगळे आत जातात, माझं उत्तर अर्धवटच राहतं. ते आज पूर्ण देते.

माझी शाळा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दोनशिक्षकी, माझ्याकडे तिसरी-चौथी, यंदा पोरं सतरा. पहिली वेबसाइट मी २०१४ला केली होती, एका फुकटच्या साइट बिल्डरवर. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले सगळे धडे उचलून तिथं पेस्ट केले तर स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंसांची खिचडी, तेव्हा कळलं की सगळीकडं सारखी दिसणारी अक्षरं हवी तर युनिकोड म्हणून काही असतं, मग तो सगळा मजकूर कन्व्हर्टरमधून काढून परत एकेक जोडाक्षर तपासत बसले. वर सरकती पाटी, खाली भेट देणाऱ्यांचा आकडा. तो आकडा वाढताना बघून मी खूश व्हायचे, नंतर लक्षात आलं बहुतेक भेटी माझ्याच आहेत.

पुढं जोड्या लावा, शब्दकोडं असलं सगळं फ्लॅशमध्ये केलं, ब्राउझरमध्ये खेळ चालवायचं ते जुनं सॉफ्टवेअर. पोरांना आवडायचं, टाळ्या वाजायच्या. २०२०च्या डिसेंबरअखेर फ्लॅश कायमचं बंद झालं आणि ज्या दिवसांत शाळा बंद, पोरं घरी, वेबसाइटची खरी गरज, नेमकं तेव्हाच माझ्या साइटवर खेळांच्या जागी राखाडी चौकोन. रडूच आलं होतं. दोष कुणाला देणार, बंद होणार हे तीन वर्षं आधीपासून जाहीर होतं, मीच वाचलं नव्हतं.

त्यानंतर मात्र मला टूलचं वेडच लागलं, खरं सांगते. रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडायचा आणि नवीन काहीतरी हुडकायचं. खेळ बनवायला वर्डवॉल छान, पण फुकट खात्यात मोजक्याच अॅक्टिव्हिटी. पॅडलेट म्हणजे सगळ्यांनी चिठ्ठ्या लावायचा फळा, त्याचंही तसंच, बोर्ड मोजकेच. कहूटच्या प्रश्नमंजुषेला प्रत्येकाच्या हातात फोन लागतो, आमच्याकडे एक टीव्ही आणि एक टॅब. एचफाइव्हपी मला फार आवडलं, व्हिडिओ मध्येच थांबून प्रश्न विचारतो, पण त्याला वर्डप्रेस नाहीतर मूडलवरची स्वतःची साइट लागते आणि होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचा, खर्च आला. गणितासाठी जिओजेब्रा आणि फेट ही दोन मात्र डोळे झाकून घ्या. फेट कोलोरॅडो विद्यापीठातलं, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२मध्ये सुरू केलेलं, पूर्ण फुकट, बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत. जुनी जावा नि फ्लॅशमधली होती, त्यातली बरीचशी त्यांनी एचटीएमएल५मध्ये, म्हणजे कुठल्याही ब्राउझरला कळेल अशी, नव्यानं केली, त्यामुळं साध्या स्मार्टफोनवरही चालतात. त्यांच्या साइटवर दिलेला एम्बेड कोड कॉपी करायचा, आपल्या पानात चिकटवायचा, झालं. अपूर्णांक शिकवताना मी अजून तेच वापरते.

पण एवढं सगळं लावूनही साइट उघडायचं कोण? मीच. पोरं एकदा खेळायची, सगळी उत्तरं बरोबर आली की संपलं, परत कशाला येतील. चुकलं की तांबडी फुली, बरोबर आलं की हिरवी खूण, एवढंच ते इंटरॅक्टिव्ह. त्यात पोराचं स्वतःचं असं काहीच उमटत नव्हतं.

पाऊस त्यात आला तो अपघातानंच. तिसरीला जिल्ह्याचा परिसर अभ्यास असतो, त्यात एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडं पाचशेच्या आतबाहेर. पोरं म्हणाली मॅडम, मिलिमीटर म्हणजे काय ओ? पाऊस काय पट्टीनं मोजायचा असतो? म्हटलं हो, पट्टीनंच. सरळ भिंतीची पाण्याची बाटली वरून कापली, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवला, बुडाला खाचखळगे असतात म्हणून खडे नि पाणी घालून सपाट पातळी केली आणि तिथं शून्याची रेघ मारली. वर पट्टी चिकटवली. बाटली रुंद असो की अरुंद, भिंती सरळ असल्या आणि वरचं नरसाळंही तेवढ्याच तोंडाचं असलं की आकडा तोच येतो, हे पोरांना पटेना म्हणून तीन वेगवेगळ्या बाटल्या शेजारी ठेवल्या. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, हवामान खातंही साडेआठलाच मोजतं.

मग एक पोरगा म्हणाला, "मॅडम, शाळेत पडला पण आमच्या वस्तीवर थेंब न्हाय पडला." दुसरी म्हणाली आमच्यात तर वगळ (ओढा) आला. आमच्या गावाच्या पाच वस्त्या आहेत, लांब लांब पसरलेल्या. प्रत्येक वस्तीवर एकेक बाटली दिली आणि तेव्हा पहिल्यांदा मला टूल हुडकायला कारण मिळालं.

बनवायला अवघड काही नाही. एक गूगल फॉर्म, त्यात तीनच प्रश्न: वस्ती, तारीख, किती मिलिमीटर. त्याची उत्तरं गूगल शीटच्या रकान्यांत पडतात, शीटमधून खांबांचा तक्ता (चार्ट) काढायचा आणि तो तक्ता साइटवर लावायचा, नवीन नोंद आली की तक्ता आपोआप बदलतो. घरी आईच्या फोनवर पोरगी आकडा टाकते आणि तासाभरानं शाळेत टीव्हीवर तिच्या वस्तीचा खांब उंच झालेला दिसतो. बास, एवढीच माझी वेबसाइट.

खाचा मात्र आहेत, त्या कुणी सांगत नाही म्हणून सांगते. फॉर्ममध्ये फाइल अपलोडचा प्रश्न टाकलात तर भरणाऱ्याला गूगल खात्यानं साइन इन करावंच लागतं, आणि बापाच्या फोनवर खात्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक असतो हो, तो दुकानदारानं टाकलेला. म्हणून फोटो-बिटो मागायचे नाहीत, नुसते आकडे. आकड्याच्या प्रश्नाला नंबरचं बंधन घालायचं, मी नव्हतं घातलं तर पहिल्या आठवड्यात "१५ मिमी", "लय" आणि "चार बोटं" अशी उत्तरं आली होती, तक्त्याला ती कळेनात. शीटची परवानगी तपासायची, स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं दिसतं आणि पालकांना दिसत नाही असं होतं, म्हणून इन्कॉग्निटो विंडोत, जिथं आपलं खातं उघडलेलं नसतं, एकदा उघडून बघायचं, नाहीतर सरळ शेजारच्याचा फोन मागायचा.

पोरांची नावं नि फोटो मी साइटवर ठेवत नाही. जुन्या साइटवर होते, गॅदरिंगचे वगैरे, सगळे काढले. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीला पालकांच्या संमतीची तरतूद आहे हा एक भाग, पण कायदा नसता तरी काढले असते.

आणि क्यूआर. २०२०ला पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या (सोलापूर) डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हापासून जो तो क्यूआर चिकटवायला लागला, मीही त्यातलीच. सगळ्यांच्या वह्यांवर कोड चिकटवले, हौसेनं लॅमिनेशन केलं, आणि कोड ज्या टूलवर उघडायचे त्यानं सहा महिन्यांत फुकट खाती बंद केल्यामुळं पत्ताच बदलला. वह्यांवरचे कोड झाले निव्वळ ठिपके. आता वर्षाला काही शे रुपये भरून स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घेतलंय, क्यूआर त्या पत्त्याचा. त्या पत्त्यामागची साइट उद्या दुसरीकडं हलवली तरी वहीवरचा कोड तोच चालेल. आधी हे कुणी सांगितलं असतं तर माझं लॅमिनेशन वाचलं असतं.

तक्ता चुकतो तेव्हा सगळ्यात मजा येते. एकदा एका वस्तीवर तीन मिलिमीटर आणि लगतच्या वस्तीवर तीस. वर्गात भांडण. ती म्हणते मी बरोबर मोजलंय, तो म्हणतो आमचा बंधारा भरला आणि तुमच्यात तीन कसा? अर्धा तास गणिताचा तास त्यातच गेला, शेवटी कळलं तिनं पट्टीवर सेंटिमीटर वाचले होते. दुसऱ्या एकानं चार दिवस पाणी ओतूनच टाकलं नव्हतं, रोज कालचा पाऊस आजच्यात. हे त्याच्या बहिणीनं तक्ता बघून शोधलं, मी नाही. दशमान परिमाणाचा धडा मी इतकी वर्षं शिकवतेय, असा कधी झाला नव्हता.

आणि पालक बघायला लागले. मोजणीचं सरकारी केंद्र महसूल मंडळाला एक, आणि मंडळात गावं किती तरी, त्यामुळं आपल्या शिवारात किती पडला हे पोरांच्या बाटलीलाच ठाऊक. विम्यासाठी याला कुणी विचारणार नाही हे मी स्पष्ट सांगितलंय, तरी पेरणीच्या दिवसांत लोक लिंक मागतात. एक आजोबा तर रोज नातवाला म्हणतात, ते तुमचं खांबाचं दाव.

त्यामुळं कुणी विचारलं की आता मी उलटं विचारते, तुमच्या पोरांकडं असं काय आहे जे तुम्हाला माहीत नाही? बाजाराचे भाव असतील, पाखरं असतील, ओढ्याचं पाणी असेल. ते सापडलं तर गूगल साइट्स काय, नि दुसरं काय. नाही सापडलं तर मग माझ्यासारखं टूल हुडकत बसा, त्यातही मजा आहे, मी नाही म्हणत नाही.

गेल्या साली दिवाळीनंतर आमची दोन पोरं घरच्यांबरोबर मेंढरं घेऊन बाहेर पडली. पाऊस संपलेला, मी फॉर्म विसरूनही गेले होते. मार्चमध्ये त्यातल्या एकाचा फोन, "मॅडम, हितं गारा पडल्या, बाटली गारांनी भरलीय, ह्या कशा मोजायच्या?" म्हटलं थांब, विरघळू दे, मग मोज. थोड्या वेळानं परत फोन. फॉर्ममध्ये वस्तीच्या जागी आमच्या पाचच वस्त्या होत्या, तो होता भोरकडं, तर काय टाकू म्हणाला. फोन तसाच चालू ठेवून लॅपटॉप उघडला आणि यादीत "इतर" घातलं. एप्रिलपर्यंत त्या "इतर"मध्ये अजून चार नोंदी आल्या.