मायच्या ऑपरेशनचे कागद

"पोटात काईतरी रुतते रे," असं माय दिवाळीपासून म्हणत होती. आम्ही ऐकलं नाही, हे आधी लिहून टाकतो.

तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात तिची गर्भपिशवी काढली होती. टाके सुकले, पण ताप जाईना. त्याच डॉक्टरांकडे तीनदा नेलं. दर वेळी गोळ्या, दर वेळी "वय झालं, वेळ लागतो." कापूस वेचताना ती एका हाताने पोट धरायची आणि दुसऱ्या हाताने बोंडं काढायची. मला वाटायचं, थकली असेल.

संक्रांतीनंतर सेवाग्रामला नेलं. सिटी स्कॅन झालं, पुन्हा पोट उघडलं आणि आतून कापडाचा बोळा निघाला. तिथल्या डॉक्टरांनी तो मला ट्रेमध्ये दाखवला. घडी केलेल्या रुमालाएवढा, काळपट हिरवा. त्यातला एक निळा दोरा तेवढा ओळखू येत होता. आत काही राहिलंच तर एक्स-रेत दिसावं म्हणून तो दोरा विणलेला असतो, असं त्यांनी सांगितलं. पोट शिवण्याआधी सगळे बोळे मोजून घ्यायचे असतात, हेही मला त्या दिवशी कळलं.

सेवाग्रामच्या डिस्चार्ज कार्डावर सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिल्या दवाखान्याचं आमच्याकडे काय होतं? औषधाची एक चिठ्ठी आणि ३८ हजार भरल्याची कच्ची पावती. मायचा अंगठा घेतलेलं संमतिपत्र, भुलेचा कागद, ऑपरेशनची नोंद, सगळं त्यांच्या फाईलीत. मागायला गेलो तर काउंटरवरचा म्हणाला, "फाईल पेशंटले देत नसते."

देत असते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीच्या वकीलबाई भेटल्या. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. त्यांनी सांगितलं, तोंडी मागू नका, लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत कागद द्यावे लागतात. अर्ज रजिस्टर पोस्टाने धाडला. पाचव्या दिवशी झेरॉक्स मिळाल्या. बोळे मोजल्याच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.

मोठे काका म्हणाले, "डॉक्टरशी वैर कायले? उद्या पोरगं बिमार पडलं त कुठं नेशीन?" ही भीती खोटी नाही, आमच्याकडे जवळपास दुसरा सर्जन नाही. मग पहिल्या दवाखान्याने मधल्या माणसाकरवी पैसे देऊ केले, "माझी काही तक्रार नाही" अशा स्टॅम्प पेपरवर सही करायच्या अटीवर. मी सही केली नाही.

पोलिसात गेलो नाही. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी हलगर्जीपणा फार गंभीर असावा लागतो, आणि आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतं. मला कोणाला जेलात पाहायचं नव्हतं. यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. १९९५ पासून पैसे घेऊन केलेला इलाज ग्राहक कायद्यात येतो. मुदत २ वर्षांची. दवाखान्यात भरलेले पैसे ५ लाखांच्या आत असले तर फी लागत नाही. नुकसान जास्त मागितलं म्हणून फी वाढत नाही.

सरकारी दवाखान्यात सगळ्यांचाच इलाज फुकट असेल तर ग्राहक आयोग चालत नाही, दिवाणी दावा लावावा लागतो. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. सुप्रीम कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं ते १९९६ साली. तेहतीस वर्षं तिच्या घरच्यांनी ते कागद सांभाळले असतील. मी आता मायची फाईल धान्याच्या कोठीवर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो.

पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. एसटीच्या धक्क्यांनी मायचं पोट अजून दुखतं, म्हणून तू घरीच राहा म्हटलं. ती ऐकत नाही. "माह्या पोटातून निघालं ना," म्हणते, "मंग मीच सांगतो त्यायले."