मुनीमजींनी खोडलेला आकडा बघा आधी

"तुम्हाला सॉफ्टवेअरमध्ये काय काय पायजे?" हा प्रश्न आडतवाल्यांना विचारणं मी बंदच केलंय, त्यांच्यासाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवतो मी. लातूरच्या मार्केट यार्डात कुठल्याबी आडतीवर (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारी पेढी) बसून विचारा, मालक म्हणणार, "काय नाही हो, एकदम सोपं करा, शेतकऱ्याची पट्टी निघाली की झालं." आता हे "सोपं" टेस्ट कसं करणार? आयईईई या इंजिनिअर लोकांच्या संस्थेचं ८३० नावाचं १९९८ चं जुनं स्टँडर्ड आहे, त्यात सरळ लिहिलंय की रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरनं काय करायचं ती मागणी, तपासून बघता आली पाहिजे, आणि मला ते आजही शंभर टक्के पटतं.

म्हणून मी जुन्या हिशोबपट्ट्या मागतो, त्यातल्या त्यात खाडाखोड केलेल्या. मालकाला आधी विचित्र वाटतं, पण खरा धंदा त्या खाडाखोडीतच असतो.

एक पट्टी सांगतो. सोयाबीन, वजन ११ क्विंटल ४० किलो, कोपऱ्यात पेन्सिलनं "मॉ. १४". त्या आडतीवर रिवाज असा की मॉइश्चर, म्हणजे ओलावा, १२ टक्क्यांच्या वर गेलं की प्रत्येक पॉइंटला क्विंटलमागं एक किलो कपात. म्हणजे २२ किलो ८०० ग्रॅम. पट्टीवर आधी २३ लिहिलेलं, ते खोडून २२ केलेलं. मुनीमजींना विचारलं, कामून खोडलं? तर म्हणाले, "वरचे ग्रॅम आपण शेतकऱ्याचे कापत नसतो, नवीन पोरानं लिहिलं होतं ते." आता बघा, ४२०० च्या भावानं ८०० ग्रॅमचे ३३ रुपये ६० पैसे होतात, आणि प्रोग्राम नेहमीसारखा राउंड ऑफ करून २३ कापत बसला असता तर हंगामभर अशा कितीतरी पट्ट्यांवर शेतकऱ्याचे पैसे गेले असते, शेतकरी भांडायला आला असता आणि दोष आला असता कॉम्प्युटरवर. हा नियम मालकानं कधीच सांगितला नसता, त्याच्या दृष्टीनं ती सांगायची गोष्टच नाही.

आणि तो १२ चा आकडा कोडमध्ये पक्का ठोकू नका बरं का, तो सेटिंगमध्येच पाहिजे. २०२४ च्या हंगामात केंद्रानं सोयाबीनच्या हमीभाव खरेदीला १५ टक्क्यांपर्यंत ओलावा चालवून घेतला होता, असे आकडे मधेच बदलतात.

दुसरा घोळ खात्याचा. मालक सांगतो "एक शेतकरी एक खातं", आणि वहीत बघावं तर पेरणीला उचल (आगाऊ पैसे) पोरानं नेलेली, माल आला बापाच्या नावावर, आणि उचल कापलीय बापाच्या पट्टीतून. घर एकच आहे, सगळ्यांना माहितीय, म्हणून कुणाचीच तक्रार नाही. पण सॉफ्टवेअरला घर कळत नाही, त्याला नावच कळतं! इथं मी एकच विचारतो, घरात वाटण्या झाल्या की मग काय करता? हा प्रश्न विचारला की मालक आणि मुनीमजी एकमेकाकडं बघतात आणि मग खरी चर्चा सुरू होते, कधी कधी तासभर. होऊ द्यायची, मधी बोलायचं नाही. कारण उचलीला कुणाची संमती लागते ते मालकानंच ठरवायचंय, आपण डेव्हलपरनं परस्पर ठरवायचा तो विषयच नाही.

हे सगळं दसऱ्याच्या आधी उरकायचं. आवक सुरू झाल्यावर मुनीमजींना पाणी प्यायला सवड नसते, मग ते "हाव हाव, बरोबर आहे" म्हणून मोकळे होतात, आणि त्या हाव ला काही अर्थ नसतो.

लिहून झालं की तीस पानी डॉक्युमेंट कुणी वाचत नाही, म्हणून मी त्याच जुन्या पट्टीचे आकडे घालून वाक्यं लिहितो: माल ११.४०, मॉइश्चर १४, कपात २२ किलो. मुनीमजी बोट ठेवून बरोबर की चूक सांगतात, आणि तीच वाक्यं पुढं टेस्ट केस म्हणून, म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतो का ते तपासायला, चालतात.

सध्या बारदान्याचा हिशोब राहिलाय. रिकामी पोती कुणाकडं किती गेली ते मालकाच्या वहीत नाही, मुनीमजींच्यातबी नाही, ते हमालांच्या मुकादमाला तोंडपाठ आहे. आता त्यांच्यासोबत बसायचंय.