तुम्ही विचारलंत म्हणून: माझा फेव्हरेट स्केटर ब्राँझवाला का?

विंटर ऑलिंपिक आलं की मी स्टेटसला बर्फावरच्या फिगर स्केटिंगचे व्हिडिओ टाकायला लागते आणि मग कुणीतरी विचारतंच, तुझा फेव्हरेट कोण गं? ग्झेगोश फिलिपोव्स्की म्हटलं की समोरून "कोण??" आणि पोलंडचा म्हटलं की लगेच, वळिवड्याच्या कॅम्पमुळे का? (युद्धात पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ राहिले होते ना, म्हणून.) तर तसं काही नाही.

शोधत होते मी वेगळंच. १९८८ चं कॅलगरी ऑलिंपिक, अमेरिकेचा ब्रायन बॉयटानो आणि कॅनडाचा ब्रायन ऑर्सर, दोन ब्रायनची ती गाजलेली टक्कर. ती बघून झाली, मग सहज पूर्ण रिझल्ट काढला, तर पाचव्या नंबरवर हे न वाचता येणारं नाव. वय २१ आणि हे त्याचं तिसरं ऑलिंपिक! म्हणजे १९८० ला लेक प्लॅसिडला उतरला तेव्हा पोरगा १३ वर्षांचा होता. १३ व्या वर्षी मी स्कूटीवरून पडत होते.

गाव कुठलं बघितलं तर वूच. स्पेलिंग बघून मी कितीतरी दिवस लॉड्झच म्हणत होते. हे वूच म्हणजे कापड गिरण्यांचं गाव, त्याला पोलंडचं मँचेस्टर म्हणायचे. आता मी इचलकरंजीची, आम्ही महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणून मिरवतो, म्हटलं हा तर गाववालाच निघाला.

बरं, तेव्हाचं स्केटिंग म्हणजे नुसत्या उड्या आणि गिरक्या नव्हत्या हं. कंपल्सरी फिगर्स असायच्या. कोऱ्या बर्फावर एका पायावर ब्लेडच्या धारेने गोल काढायचे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, आणि मग त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जायचं, पाटीवर श्री गिरवतात ना अगदी तसं. तुम्ही बाजूला झालात की जज लोक बर्फावर येऊन वाकून वाकून त्या रेघा बघणार. म्युझिक नाही, टाळ्या नाहीत, टीव्हीवाले तर फिरकायचेच नाहीत, आणि कॅलगरीत एकूण मार्कांतले ३०% याला होते! १९९० नंतर ते बंदच केलं. पण फिलिपोव्स्कीची सगळी उमेदीची वर्षं या गिरवण्यात गेली, म्हणून आजच्या क्वाडवाल्या (एका उडीत चार गिरक्या मारणाऱ्या) पोरांशी त्याची तुलना करू नका प्लीज, मला राग येतो.

मेडल्स म्हणाल तर १९८५ ला गॉथेनबर्गला युरोपियन ब्राँझ, १९८९ च्या जानेवारीत बर्मिंगहॅमला युरोपियन सिल्व्हर आणि मार्चमध्ये पॅरिसला वर्ल्ड्सचं, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ. कर्ट ब्राउनिंग पहिला, ख्रिस्तोफर बोमन दुसरा, हा तिसरा. आणि गंमत बघा, तो पॅरिसमध्ये स्केट करत होता तेव्हा तिकडे वॉर्सात कम्युनिस्ट सरकार आणि सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार संघटनेचे लोक गोल टेबलाभोवती बसून देशाचं पुढे काय करायचं ते ठरवत होते, जूनमध्ये निवडणूक झाली आणि सप्टेंबरपर्यंत बिगर-कम्युनिस्ट सरकार आलंसुद्धा. त्या गडबडीत एका स्केटरच्या ब्राँझकडे किती लोकांचं लक्ष गेलं असेल कुणास ठाऊक, मी असते तर माझं नसतं गेलं.

पोलंडला वर्ल्ड्सचं पुढचं मेडल मिळायला १० वर्षं लागली, १९९९ ला हेलसिंकीत डोरोटा झागुर्स्का आणि मारिउश श्युडेक या जोडीला, तेही ब्राँझच. सिंगल्समध्ये मात्र अजून हा एकटाच आहे. गोल्डवाल्यांना फॅन भरपूर आहेत हो, त्यांना माझी काय गरज.

बघायचा असेल तर पॅरिसचा फ्री प्रोग्रॅम शोधा. फक्त स्पेलिंग आधी माझ्याकडून घ्या, ऐकून टाइप करायला गेलात तर गाडी जी-नंतरच्या आर-झेडलाच अडकते, माझीही अडकायची.