एकोणीसचा बसत होता, तरी

पेशंट ६६ वर्षांच्या बाई. उंची १५० सेंमी, वजन ७२ किलो. महाधमनीची झडप कॅल्शियमने दगडासारखी झालेली, ती काढून नवा व्हॉल्व्ह बसवायचा होता. शरीराचं क्षेत्रफळ आदल्या दिवशीच फाइलवर लिहिलेलं: उंची गुणिले वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. आलं १.७३ चौ. मी. त्याला ०.८५ ने गुणलं की १.४७. नव्या व्हॉल्व्हमधून रक्ताला निदान एवढे चौ. सेंमी वाट मिळायला हवी. कमी पडली तर मिसमॅच, म्हणजे शरीराच्या मानाने व्हॉल्व्ह लहान. व्हॉल्व्ह नवा, पण हृदयाचं रेटणं काही थांबत नाही. हृदयरोगतज्ज्ञ रहिमतुलांनी १९७८ साली हे दाखवून दिलं.

मी स्क्रबला होते, म्हणजे टेबलापाशी सर्जनच्या हाताशी. सरांनी झडप कापली, रोंजर नावाच्या चिमट्याने कॅल्शियम खरवडलं, आतली कणी सलाइनने धुऊन सक्शनने ओढली. माप त्यानंतरच घ्यायचं. आधी घेतलं तर हमखास लहान येतं. व्हॉल्व्हचं माप घ्यायचा १९चा (मिमी) सायझर अलगद गेला, २१चा अडला. जोर लावून घालायचा नसतो, ॲन्युलस, म्हणजे झडपेच्या बुडाचं कडं, फाटतं.

तेवढ्यात बाहेरच्या सिस्टरने दुसरा सेट उघडून दिला. त्यातला २१ गेला! सर म्हणाले, “कुठल्या कंपनीचा?” दुसऱ्याच कंपनीचा होता. २१ हा आकडा प्रत्येक कंपनी वेगळ्या जागी मोजते, म्हणून सायझर त्याच व्हॉल्व्हचा हवा. तो सेट मी ट्रॉलीवरून काढूनच टाकला.

आमच्या १९च्या टिश्यू (प्राण्याच्या ऊतीच्या) व्हॉल्व्हची वाट तक्त्यात १.२ चौ. सेंमी होती. भागिले १.७३, म्हणजे ०.६९. तीव्र मिसमॅच ०.६५ पासून धरतात. बाई अगदी काठावर. मेकॅनिकल घालावा तर जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि आयएनआरच्या, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्या तपासणीच्या, खेपा.

सरांनी निक्स, म्हणजे ॲन्युलस रुंद करायची शस्त्रक्रिया, करायचं ठरवलं. महाधमनीचा छेद नॉन-कोरोनरी सायनसमधून (महाधमनीच्या बुडाच्या ज्या फुगवट्यातून कोरोनरी धमनी निघत नाही, त्यातून) खाली नेत ॲन्युलस ओलांडला आणि तिथे पेरिकार्डियमचा (हृदयाभोवतीच्या आवरणाचा) पॅच शिवला. महाधमनीला क्लॅम्प लावून ठेवण्याचा वेळ वीसेक मिनिटांनी लांबला, हृदय-फुप्फुस पंप चालवणाऱ्या परफ्युजनिस्टने हृदय थांबवून ठेवणाऱ्या कार्डिओप्लेजियाचा आणखी एक डोस दिला. आता आमचाच २१ बसला. कोरोनरीची दोन्ही तोंडं मोकळी आहेत हे पाहूनच व्हॉल्व्ह मागवला. ज्यात तो साठवलेला असतो ते ग्लुटाराल्डिहाइड जायला तो सलाइनच्या तीन वेगवेगळ्या वाट्यांत हलवून धुतला.

पंपावरून उतरल्यावर इकोत सरासरी ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) ११ दिसला. आधी ५८ होता. १९च्या व्हॉल्व्हची बरणी उघडलीच नव्हती. सील तसंच होतं, परत कपाटात गेली.