रतांबे, आणि मला न दिसलेला ५

राजापूरच्या पुढे आमचं गाव. मे महिन्यात रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, काढायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. आजी टोपल्या द्यायची आणि बजावायची, पिकलेले तेवढेच काढा, हिरव्याला हात लावू नका. मी आणि चुलत भावंडं भराभर टोपली भरायचो, माझा धाकटा भाऊ मात्र झाडाखाली एकेक फळ दाबत बसायचा आणि तरी त्याच्या टोपलीत अर्धे कच्चेच. काका ओरडायचे, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" मीही ओरडलेय. एकदा तर फांदी खाली ओढून त्याच्या नाकासमोर धरली, हे काय लालबुंद लटकतंय, आंधळा आहेस का? तो तेव्हा ९ वर्षांचा होता. काहीच बोलला नाही. ते माझं वाक्य मला अजून टोचतं.

कळलं ते थेट १३ वर्षांनी, एका नोकरीच्या मेडिकलला. तिथे "कलर ब्लाइंड, अनफिट" एवढंच लिहून परत पाठवला, धड समजावून पण सांगितलं नाही, मग आम्ही नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे इशिहाराचं पुस्तक होतं, म्हणजे जपानच्या शिनोबू इशिहारांनी १९१७ साली काढलेली ती रंगीत ठिपक्यांची पानं, ज्यात आकडे लपवलेले असतात. मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. एका पानावर मला स्वच्छ ७४ दिसत होतं आणि भाऊ म्हणाला २१. जराही न अडखळता. मला वाटलं घाबरून काहीतरी बोलतोय, पण डॉक्टर म्हणाले लाल-हिरव्याची अडचण असलेल्यांना इथे २१च दिसतं, पानच तसं बनवलंय.

मग अजून एक पान आलं. मला काहीच दिसेना, नुसते ठिपके, मान तिरकी करून पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं. भाऊ म्हणाला, "५." आणि तिथे ५ होता! माझ्या डोळ्यांना लाल-हिरव्यातला फरक इतका ठळक दिसतो की त्या गोंधळात तो फिकट आकडा बुडून जातो, त्याच्या डोळ्यांत तो गोंधळ नसतोच म्हणून आकडा वर येतो. मी त्या खुर्चीवर गप्प झाले. इतकी वर्षं मी धरून चालले होते की जे आहे ते सगळं मला दिसतं आणि त्यातलं थोडं त्याला दिसत नाही.

घरी आल्यावर बरंच वाचत बसले आणि जॉन डाल्टन सापडला, तोच, शाळेतल्या अणुसिद्धांतवाला. १७९२ मध्ये त्याच्या लक्षात आलं की जिरेनियमचं गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशी दिसतं आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल. मित्रांना विचारलं तर कुणालाच असा फरक दिसत नव्हता. फक्त त्याच्या भावाला दिसत होता. (हे वाचून मला रडू आलं, का ते सांगता येत नाही.) डाल्टनला वाटायचं आपल्या डोळ्याच्या आत भरलेला द्रव निळा असणार, म्हणून मेल्यावर डोळे तपासा असं तो सांगून गेला. १८४४ मध्ये तो गेला, डॉक्टरांनी तपासलं, तो द्रव अगदी नितळ. पण डोळे जपून ठेवले होते, आणि १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून कळलं की हिरव्या बाजूचा प्रकाश टिपणारं रंगद्रव्यच त्याच्याकडे नव्हतं. स्वतःच्या डोळ्याबद्दल इतका विचार केलेला माणूस, आणि खरं कारण १५० वर्षांनी दुसऱ्यांना सापडलं.

आणि आपण रंग ओळखणारे तरी किती बघतो? मधमाशीला फुलावरच्या अतिनील खुणा दिसतात, आपल्याला तिथे साधी पिवळी पाकळी दिसते.

मध्यंतरी मी मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं, कलर ब्लाइंड माणसाला कसं दिसतं ते दाखवणारं. आमच्या रतांब्याच्या झाडाचा फोटो टाकला, एका बाजूला मूळ, एका बाजूला बदललेला. लाल फळं पानांतच विरघळून गेली होती. भावाला दाखवलं, "असंच दिसतं का रे तुला?" त्याने दोन्ही फोटो नीट पाहिले आणि म्हणाला, "ताई, यात फरक काय आहे?"

यावर कुणी म्हणेल की मग ज्याचं त्याचं सत्य वेगळं, विषय संपला. मला ते अजिबात पटत नाही. रतांबा पिकलाय की नाही हे एकच असतं, कच्चा फोडला तर आमसुलं चांगली होत नाहीत, मग कुणाला तो कसाही दिसो. चूक आमची ही होती की पिकलेलं ओळखायची माझी रीत हीच एकमेव रीत असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि एक पोरगं फळं दाबून दाबून स्वतःची रीत शोधत होतं तर त्याला आळशी म्हटलं.

या मे महिन्यात दोघेही गावी होतो. मी खालून सांगत होते, डावीकडे, अजून वर, त्या जाड फांदीच्या मागे. तो हात घालून दाबायचा आणि कधी कधी म्हणायचा, "हा नको, अजून घट्ट आहे." मला तो लालच दिसत होता. ठेवला झाडावर.