अडीच टक्के वेलची : आमची वाटचाल

सांगलीच्या गणपती पेठेत वडील सुटी चहापूड विकायचे. वेलची चहा पाकिटात मी आणला. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते 2019 चं.

आमच्या पाकिटावर पहिल्यापासून छापलेलं : सीटीसी चहा 97.5%, वेलची (टरफलासह) 2.5%. सीटीसी म्हणजे आपला नेहमीचा दाणेदार चहा. 'टरफलासह' मीच घातलं. वेलचीत पाव हिस्सा तरी टरफलच असतं, लपवायचं कशाला? 2018 च्या ऑगस्टात केरळात पूर आला, तिथल्या इडुक्की जिल्ह्यातल्या वेलचीच्या मळ्यांची वाट लागली आणि पुढच्या ऑगस्टात लिलावात वेलचीने किलोला 7000 चा आकडा दाखवला. आम्हाला चार हजारांखाली माल मिळेना. किलो चहाला 25 ग्रॅम वेलची. तीस रुपयांचा खर्च शंभरावर गेला.

मिरजेचे एक हॉटेलवाले काका आमचं पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. कपाळावरचा चष्मा खाली ओढून पाकीट वाचणारा माणूस. म्हणाले, "वेलची कमी कर, पण लिहून कमी कर." केली, दीड टक्का. आठ हजार पाकिटं आधीच छापून आलेली. बायको, मी आणि दोन पोरं रोज रात्री आकड्यांवर स्टिकर चिकटवत बसायचो.

इथेच मार बसला. एका पार्टीने त्याच सुमारास 'अस्सल वेलची चहा' काढला. पुढे मूठभर हिरव्यागार वेलच्यांचं चित्र, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'नेचर-आयडेंटिकल फ्लेवर', म्हणजे कारखान्यात बनवलेला, वेलचीसारखा स्वाद. त्यांचा सेल्समन दुकानदारांना आमचंच पाकीट दाखवायचा, "बघा, वेलची कमी केल्याचं यांनीच लिहिलंय!" अकरा दुकानं गेली. दिवाळीचा बोनस बायकोच्या पाटल्यांवर निघाला.

फ्लेवर वापरणं गुन्हा नाही हो. पण घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे आणि ज्याचं नाव मिरवता त्याची टक्केवारी द्यायची, हा नियम आम्हालाच आहे का?

धंद्यात नवीन असाल तर एक ऐका. वेलची पल्व्हरायझरमध्ये, म्हणजे वेगाने भुकटी करणाऱ्या यंत्रात, एकदम ओतू नका. तो तापतो, तेल उडतं, उरतो भुसा. आमचा डंका, म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, जुना, गल्ली दणाणते, पण माल गार राहतो. सकाळी कुटलेली वेलची दुपारपर्यंत पाकिटात गेलीच पाहिजे.

भाव उतरल्यावर पुन्हा 2.5% छापलं. पहिलं पाकीट काकांना नेऊन दिलं. त्यांनी आधी वाचलं, मग आधण ठेवलं. अकरातली सात दुकानं परत आली. आठवा अजून म्हणतो, साठ दिवसांची उधारी द्या, माल घेतो. देत नाही.