नुसतं पॅनेल की बसवून? : आमची वाटचाल

भुसावळात आमच्या दुकानात आलात की काउंटरमागे एक पाटी दिसेल. लॅपटॉपच्या प्रत्येक मापाच्या स्क्रीनसमोर दोन भाव लिहिलेले आहेत. एक नुसत्या पॅनेलचा, म्हणजे सुट्या स्क्रीनचा, दुसरा पॅनेल बसवून देण्याचा. मधला फरक म्हणजे आमची मजुरी, बहुतेक मॉडेलना पाचशे ते आठशे रुपये. ही पाटी लावली तेव्हा बाजारातल्या जुन्या मंडळींनी बाजूला घेऊन समजावलं होतं, "भाऊ, मजुरी कधी वेगळी दाखवायची नसते. उद्या गिऱ्हाईक माल घेऊन जाईन आन् घरीच बसवीन." तो घरी बसवणार असेल तर बसवू दे, असं माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे.

२०११ साली जामनेर रोडला एका अरुंद गाळ्यात सुरुवात केली. त्याआधी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं आणि जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये काही वर्षं कॉम्प्युटर जोडण्याचं काम केलं होतं. भुसावळला परत यायचं कारण सरळ होतं. रेल्वे, दीपनगरचं वीज केंद्र, वरणगावची आयुध निर्माणी, इथे पगारदार घरं भरपूर. पोरं इंजिनिअरिंगला पुण्याला जात होती आणि घरोघरी लॅपटॉप येत होते. ते बिघडले की मात्र जळगाव, तिथून नाशिक किंवा मुंबई. पंधरा-पंधरा दिवस मशीन परत यायचं नाही आणि बिल किती होईल हे शेवटच्या दिवसापर्यंत कळायचं नाही.

त्या काळात येणाऱ्या लॅपटॉपपैकी बरेच जुन्या पद्धतीचे, ट्यूबच्या उजेडावर चालणारे असायचे. पॅनेलच्या खालच्या कडेला काडीएवढी बारीक ट्यूब आणि तिला शेकडो व्होल्ट देणारं एक छोटं इन्व्हर्टर कार्ड. ट्यूबमध्ये पारा असतो. असलं काम मी कुणालाही घरी करायला सांगितलं नसतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत एलईडीची पॅनेलं सगळीकडे झाली, इन्व्हर्टर गेलं, जाड पॅनेलाच्या जागी पातळ आलं. आमच्या दृष्टीने हा फार मोठा बदल होता, कारण फुटलेली स्क्रीन बदलणं आता चार स्क्रू आणि एका कनेक्टरवर आलं होतं. भाव मात्र बाजारात तसेच राहिले, कारण झाकणाच्या आत काय आहे ते गिऱ्हाईकाने पाहिलेलंच नव्हतं.

म्हणून आम्ही पहिल्यापासून एक नियम ठेवला. लॅपटॉप उघडायचा तो गिऱ्हाईकासमोर. समोर खुर्ची टाकायची आणि काय करतोय ते बोलत करायचं. माझा भाचा बारावीनंतर दुकानात आला तो याच टेबलावर शिकला, आणि शिकताना त्याच्याबरोबर समोर बसलेले लोकही शिकले. हिशेब आणि फोन पत्नी सांभाळते. फोनवर पॅनेलचा नंबर विचारून घेण्यात तिचा हात आता आम्हा दोघांपेक्षा चांगला आहे.

नंबराचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. लॅपटॉपवर ज्या कंपनीचं नाव असतं ती कंपनी सहसा स्क्रीन बनवत नाही. पॅनेल बनवणारे मोजकेच आहेत: बीओई, एयूओ, इनोलक्स, एलजी डिस्प्ले, असे. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या कारखान्यांची पॅनेलं निघतात. त्यामुळे लॅपटॉपचं मॉडेल सांगून मागवलेली स्क्रीन चुकू शकते. खरा नंबर पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो आणि तो पॅनेल उलटं केल्याशिवाय दिसत नाही. नंबरात १५६ असेल तर माप १५.६ इंच, १४० असेल तर १४ इंच.

नंबर हाती आल्यावर चार गोष्टी जुळवायच्या. पहिली कनेक्टरची: साध्या स्क्रीनला ३० पिन असतात, टचच्या किंवा सेकंदाला जास्त वेळा चित्र बदलणाऱ्या, १२० आणि १४४ हर्ट्‌झच्या स्क्रीनला बहुधा ४०. फार जुन्या मशीनमध्येही ४० पिन दिसतात, पण ती पद्धत वेगळी आणि एकमेकांना चालत नाही. दुसरी रुंदीची: १५.६ इंचातसुद्धा जुनं पॅनेल सुमारे ३६० मिलिमीटर रुंद आणि नवं, बारीक काठाच्या लॅपटॉपातलं, सुमारे ३५०. तिसरी स्क्रूच्या कानांची: काही पॅनेलना वर-खाली पत्र्याचे कान असतात, काहींना अजिबात नसतात, ती टेपवर चिकटवलेली असतात. चौथी रेझोल्यूशनची, म्हणजे स्क्रीनवर ठिपके किती त्याची. अनेकजण म्हणतात, बदलतोच आहे तर १३६६ बाय ७६८ काढून फुल एचडी टाका. टाकता येतं, पण सगळ्या मशीनमध्ये नाही. कमी रेझोल्यूशनसाठी दिलेल्या केबलमध्ये कधी कधी तेवढ्याच तारा असतात, मग नवी स्क्रीन काळीच राहते आणि केबलही बदलावी लागते. ही केबल इथे मिळत नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून मागवावी लागते.

धंद्याला खरं वळण २०२० साली मिळालं. मार्चमध्ये गाड्या थांबल्या, दुकान बंद झालं. जंक्शनच्या गावात रेल्वेची शिट्टी ऐकू येईना तेव्हा सगळ्यांचाच जीव घाबरा झाला होता. पण फोन बंद झाले नाहीत. शाळा-कॉलेजं मोबाइल आणि लॅपटॉपवर आली होती, आणि घरात कोंडलेल्या पोरांच्या हातून स्क्रीन फुटत होत्या. कुरिअर सुरू झाल्यावर रावेर तालुक्यातल्या एका शिक्षकांचा फोन आला. लेक बारावीला, कीबोर्डवर पेन राहिला आणि वरून झाकण लावलं. "भाऊ, तुम्ही येऊ शकत नाही, मी येऊ शकत नाही. पॅनेल पाठवा, मी बसवतो. तुम्ही फक्त सांगत चला."

पॅनेल पोचलं त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. सर धीराचे माणूस. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, खालचं कव्हर उघडून बॅटरीची पिन सोडवली. हे मी तीनदा विचारून घेतलं, कारण घरी स्क्रीन बदलताना सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेचा कनेक्टर काढला किंवा तिरका लावला, तर बॅकलाइटला, म्हणजे स्क्रीनमागच्या उजेडाला, जाणारा करंट भलत्या पिनेला लागतो आणि लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावरचा बारीक फ्यूज उडतो. मग नवी स्क्रीन लावूनही अंधारच. टॉर्च मारली तर आत चित्र पुसट दिसतं, उजेड नाही. चार हजारांचं काम बोर्ड रिपेअरवर जातं. सरांनी पुढे बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची प्लॅस्टिकची चौकट, नखाने आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवली, चार स्क्रू काढून एका वाटीत ठेवले, पॅनेल पुढे कीबोर्डवर पालथं घातलं, खाली रुमाल अंथरून. कनेक्टरवरची टेप उचलली, पत्र्याची कडी उभी केली आणि केबल वर न उचलता सरळ मागे ओढली. नवं पॅनेल लावून, बेझल बसवण्याआधी, बॅटरी जोडून एकदा चालू करून पाहिलं. स्क्रीन उजळली तेव्हा पलीकडून त्यांची लेक ओरडली ती आम्हाला इकडे दुकानात ऐकू आली.

त्यानंतर यावल, चोपडा, मुक्ताईनगर, बोदवड इकडून असे फोन येत गेले. अमळनेरकडच्या एका आजोबांनी अहिराणीत विचारलं, "भाऊ, कितला लागतीन?" आणि पॅनेलचा भाव ऐकून नातवाला फोन दिला. नातवानं तासाभरात काम केलं. त्या काळात आमची मजुरी जवळजवळ शून्य होती. पण जे पॅनेल आम्ही विकत होतो त्यावर आमचा नफा होताच, आणि माल खरा असल्यामुळे परत येणं कमी होतं. दुकान पुन्हा उघडल्यावर पहिलं काम केलं ते पाटी लिहून लावण्याचं.

जुन्या मंडळींना वाटलं होतं तसं झालं नाही. भाव वेगळे दिसले की बहुतेक लोक दोन मिनिटं विचार करतात आणि म्हणतात, "तुम्हीच बसवून द्या." मजुरी किती ते कळल्यावर ती त्यांना जड वाटत नाही. मोजकेच लोक नुसतं पॅनेल नेतात, आणि तेच पुढे शेजाऱ्याला, मेव्हण्याला, ऑफिसातल्या माणसाला आमच्याकडे पाठवतात. नुसतं पॅनेल नेणाऱ्याला आम्ही आधी टेबलावर बसवतो, एखाद्या जुन्या झाकणावर एकदा कनेक्टर काढायला आणि लावायला लावतो, प्लॅस्टिकचा ओपनर बरोबर देतो. त्याचे पैसे घेत नाही.

सगळ्यांना मात्र पॅनेल घरी देत नाही. काठापर्यंत काच असलेले टचचे लॅपटॉप, ज्यात काच आणि पॅनेल एकमेकांना चिकटवलेले असतात, ते घरी होत नाहीत. मॅकबुकमध्ये सहसा सगळं झाकणच बदलावं लागतं. ओएलईडी, म्हणजे स्वतःच उजेड देणारी स्क्रीन, पातळ आणि महाग, एक कोपरा दाबला गेला तरी गेलं, ते आम्ही स्वतःसुद्धा घाई न करता करतो. आणि ज्या स्क्रीनच्या फुटण्यामागे हिंज, म्हणजे झाकणाचं बिजागर, आहे तिथे नुसतं पॅनेल बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. हिंज घट्ट होतं, झाकणातले पितळी नट प्लॅस्टिकमधून उखडतात, झाकण उघडताना काठावर ताण येतो आणि कोपऱ्यातून तडा जातो. नवी स्क्रीन त्याच ताणावर बसवली तर तीही जाणार. असं मशीन आलं की आधी हिंज, मग स्क्रीन.

आपल्याकडे हिंज लवकर जातं असं माझं निरीक्षण आहे. धूळ आहे, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या लॅपटॉपची टेप सैल होते, पॅनेल खाली सरकतं, बेझल फुगते. त्यात केळीच्या बागांमधून खड्ड्यांचा रस्ता, पाठीवर बॅग, बॅगेत लॅपटॉपला टेकून चार्जरचा ठोकळा. स्क्रीनच्या बरोबर मधोमध गोल तडा दिसला की आम्ही चार्जर कुठे ठेवला होता ते विचारतो.

पैशाचं बोलायचं तर आमच्याकडे साधं १५.६ इंचाचं एचडी पॅनेल अडीच-तीन हजारांत बसतं, फुल एचडी आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारं) चार ते सहा हजारांत, जास्त हर्ट्‌झचं त्याहून वर. कंपनीच्या सेंटरला तेच काम बहुतेक वेळा दुपटीच्या आसपास जातं. पण सेंटरवर जायचं कारणही असतं. लॅपटॉप वॉरंटीत असेल आणि अपघाती नुकसानीचा प्लॅन घेतलेला असेल तर आमच्याकडे येऊच नका, तिकडे जा. साध्या वॉरंटीत फुटलेली स्क्रीन येत नाही, हे मात्र आधीच माहीत असलेलं बरं. आणि मशीन आठ-दहा वर्षांचं, हार्ड डिस्क जुनी, बॅटरी संपलेली असेल, तर आम्ही स्पष्ट सांगतो की त्यावर चार हजार घालू नका. घरीच वापरायचं असेल तर एचडीएमआयने टीव्हीला जोडा, चालेल. टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसलं तर बोर्ड बहुधा ठीक आहे असा अंदाजही येतो. स्क्रीनचं काम सुरू करण्याआधी ही तपासणी प्रत्येकाने घरी करावी, तिला काही खर्च नाही.

२०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्याचं पोर्टलही सुरू झालं. आमच्यासारख्या दुकानांना याचं महत्त्व फार आहे. पॅनेल खुल्या बाजारात मिळतं म्हणून आम्ही टिकलो. हिंज, झाकण, डिस्प्ले केबल, हे सुटे भाग मात्र कंपन्यांनी सहज विकायला हवेत. एका केबलसाठी लेकराचं परीक्षेच्या तोंडावरचं मशीन आठवडाभर आमच्या कपाटात पडून राहतं, याचा मला अजूनही त्रास होतो.

काढलेली फुटकी पॅनेलं आम्ही भंगारवाल्याला देत नाही. साठवून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे पाठवतो. जुनी ट्यूबवाली अजून क्वचित येतात, ती वेगळी गुंडाळून ठेवतो.

गेल्या वर्षापासून भाच्याने एक नवी गोष्ट सुरू केली आहे. रविवारी सकाळी दुकान बंद असतं तेव्हा टेबल विद्यार्थ्यांना मोकळं. मोडकी झाकणं, मेलेली पॅनेलं, स्क्रूड्रायव्हर, हवं ते उघडून बघा. पॉलिटेक्निकची पोरं येतात, अलीकडे दोन मुली फैजपूरहून बसने येतात. त्यातली एक आता सुट्टीत आमच्याकडेच काम करणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी आदल्या दिवशी फोन करावा. आणि स्वतःची फुटलेली स्क्रीन बदलायची असेल तर पॅनेल उलटं करून पाठीवरच्या स्टिकरचा स्वच्छ फोटो पाठवावा, बॅटरी सोडवल्यानंतरच.